ग्लासातलं काळं पाणी

'मोफत पाणी तपासणी' असा कागद आमच्या लिफ्टमध्ये चिकटवला होता. लहान मुलीचा फोटो, हातात गढूळ पाण्याचा ग्लास. मी नवी मुंबईत नेरुळला बावीस वर्षं राहते. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. धरण महापालिकेच्या मालकीचं आहे आणि त्या पाण्याबद्दल कधी शंका आली नव्हती. पण नातीचं पोट नुकतंच बिघडून गेलं होतं. तो फोटो डोक्यातून जाईना.

रविवारी गेटपाशी दोन मुलं टेबल मांडून बसली होती. "काकू, घरचंच पाणी आणा," अगदी आदबीने म्हणाली. मी तांब्या भरून नेला. एका ग्लासात माझं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून बटण दाबलं. माझ्या ग्लासात आधी हिरवट, मग तपकिरी आणि बघता बघता काळपट गाळ तरंगायला लागला. दुसरा ग्लास होता तसाच. "तुमची नात रोज हेच पिते," त्यांतला एक म्हणाला.

माझ्या पोटात खड्डाच पडला. साडेएकोणीस हजारांचं मशीन, फक्त आज साडेचौदा. मुलगा बाहेरगावी होता, त्याला फोनसुद्धा केला नाही. वीस मिनिटांत कार्ड देऊन मोकळी झाले.

मशीन बसलं आणि शुद्ध पाण्याच्या प्रत्येक हंड्यामागे दोन हंडे मोरीत जाऊ लागले. हे शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी ग्लासभर मशीनचंच पाणी मागितलं, दोन लोखंडी खिळे आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. काहीच झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. बुडबुडे आले, पाणी हिरवट झालं, नंतर गंजाच्या रंगाचा गाळ बसला. माझ्या साडेचौदा हजारांच्या पाण्यात!

"ही घाण पाण्यातली नाही हो, खिळ्याची आहे," बाई म्हणाल्या. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळतं. आरओ मशीन बारीक पडद्यातून पाणी गाळतं, त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, म्हणून ते स्वच्छ दिसतं. जंतू आहेत की नाहीत हे त्या कांड्यांना कळत नाही.

बाईंनी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर लावला, नळाच्या पाण्याचा आकडा ६८ आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचं पाणी स्वीकार्य आहे. ५०० च्या खाली आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं. आरओ बोअरच्या खाऱ्या पाण्याला लागतं. हा मीटरही फक्त क्षार सांगतो, जंतू नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी करावी लागते.

कंपनी म्हणते, बसवलेलं मशीन परत घेत नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ते छापलेलंही आहे, मी वाचलं नव्हतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. लिफ्टमधल्या कागदाचा फोटो मात्र माझ्याकडे नाही; तुमच्याकडे असा कागद लागला तर त्याचा फोटो नक्की काढून ठेवा.

पुढच्या रविवारी पलीकडच्या सोसायटीत असंच टेबल लागणार आहे. तिथे कुणी जाणार असाल तर मिठाची पुडी बरोबर न्या आणि त्यांच्या ग्लासात टाकायला सांगा.