पहिलं जनावर कोणत्या दगडात कोरावं?

वीतभर कासव किंवा बसलेला नंदी हातानं कोरायचा, तर हत्यारांच्या आधी दगड ठरवा. शंखजिऱ्याचा दगड म्हणजे सोपस्टोन, संगमरवर आणि आपला काळा दगड, असे तीन पर्याय.

पहिल्यांदाच करताय? मग सोपस्टोन घ्या. त्यात टाल्क असतं. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मोजपट्टीवर टाल्क 1, म्हणजे सगळ्यात मऊ, आणि आपलं नख साधारण अडीच, म्हणजे मऊ तुकड्यावर नखाचा ओरखडा उठतो. घेताना हीच परीक्षा करावी. हॅकसॉचं पातं, जुनी कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम भागतं. घासताना दगड पांढुरका, निर्जीव दिसतो. नळाखाली धरला की हिरवट रंग आणि शिरा एकदम वर येतात. शेवटी दगड कोमट करून मेण चोळलं, की तो ओला रंग बराचसा टिकतो. बेलूर-हळेबीडची होयसळ शिल्पं याच जातीच्या मऊ दगडात आहेत, म्हणून तर दागिन्यातला मणी न् मणी सुटा दिसतो.

पण सुटे, बारीक अवयव यात लगेच तुटतात. माझ्या पहिल्या सशाचा एक कान कानशीच्या फटक्यात उडाला. दुसरा छाटून मी त्याचं अस्वल केलं. तेव्हा कान पाठीला चिकटलेले, पाय पोटाखाली दुमडलेले, सोंड छातीला टेकलेली ठेवा. काही सोपस्टोनमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. विक्रेत्याला विचारा, ओलं करूनच घासा आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

संगमरवर त्याच मोजपट्टीवर 3. आकडा जवळचा वाटतो, हाताला वाटत नाही. छिन्नीशिवाय गती नाही, आणि छिन्नी सरळ उभी धरून ठोकली तर पांढरा मार आत उतरतो, कितीही घासला तरी जात नाही. मात्र पातळ केलेल्या कानातून उजेड झिरपतो, ते सुख सोपस्टोन देत नाही. तीन-चार जनावरं झाल्यावर याच्याकडे वळा. तयार मूर्तीला लिंबू लागू देऊ नका, चकाकी जाते.

काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6. वेरूळचं कैलास लेणं यातलंच, आणि पाट्याला टाकी लावणाऱ्या पाथरवटाचा हातही यातच तयार झालेला. हौशी माणसानं संध्याकाळच्या तासाभरात याच्या नादी लागू नये. फार तर नदीतला गुळगुळीत गोटा उचला, त्याच्यात बेडूक आधीच बसलेला असतो. कार्बाइड टोकाच्या छिन्नीनं दोन डोळे आणि तोंडाची रेघ काढली की झालं.