जुन्या मरीनाला नवे शॉकअप, आणि बोल्ट आवळण्यावरून झालेलं भांडण

गाडीची उसळी दाबणारे गॅस शॉकअप बसवून वर्ष होत आलं. महिन्याभरातच लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते. आता थोडे कापतो, पण त्यात शॉकअपचा दोष नाही.

गाडी टाटाची इंडिगो मरीना, डिझेल. २००४ साली आलेल्या पहिल्या लॉटमधली नाही, तरी आता म्हातारीच. ॲव्हरेज, डिकी सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. त्रास एकच होता. मागे ढेपेची पोती भरली की वळणावर मागचा भाग आधी लवायचा, मग सावरायचा, आणि स्टेअरिंग सरळ केल्यावरही एकदा डुलायचा. दारव्हा-कारंजा रस्त्यावर तर फारच. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर कितीही नवं असो, रस्त्याला लाटा येतातच. खड्डा निदान दिसतो, चुकवता येतो. लाटेवर गाडी उचलते आणि शॉकअप मेलेले असले की खाली येऊन पुन्हा उचलते.

नव्या शॉकअपनी ते उचलणं पहिल्याच दिवशी बंद केलं. लाट आली, एक हेलकावा, संपलं. पोटात ढवळतं म्हणून मागे न बसणारी आई मागे बसायला लागली. मी खूश.

पावसाळा सरला आणि वळवळ परत आली. या वेळी वर-खाली नाही, आडवी. समृद्धी महामार्गावर चढलं की नीट कळायचं. तिथे मर्यादा १२० ची, मी नव्वदच्या वर जात नाही. तरी ट्रक ओलांडताना मागची चाकं आपल्या मनानं चालल्यासारखी वाटायची. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का याची तपासणी, करून घेतली. कागदावर सगळं बरोबर, फक्त मागच्या चाकांचे आकडेच नाहीत! विचारलं तर म्हणे, मागचं कोणी करत नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले.

या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात. म्हणजे चाकं धरून ठेवणारे दांडे, लिंका, जास्त, म्हणून त्यांच्या सांध्यांतले रबरी बुशही जास्त. बुश सैल झाला की भार पडल्यावर चाकाचं तोंड जरासं फिरतं, आणि गाडी मागूनही वळायला बघते. टॉमी (लोखंडी पहार) घालून लिंक ढकलली तर रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं दिसलं. गंमत म्हणजे हे बुश शॉकअपसोबतच नवे टाकले होते.

इथून भांडण. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडते. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली टेकताच रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ घेऊनच ते रात्रंदिवस राहतं. वर आपले रस्ते. फाटणारच. गॅरेजवाल्याचं म्हणणं, “भाऊ, गाडी वर असो का खाली, बोल्ट तं बोल्टच रायते!” मी म्हटलं, मग पुन्हा कर, आणि मजुरी मागू नको. तासभर वाजलं. शेवटी बुशचे पैसे माझे, मजुरी त्याची, यावर मिटलं.

या वेळी मी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्याच्या काठावर उभाच राहिलो. बोल्ट आधी नुसते हातानं लावले, गाडी चारही चाकांवर उतरवली, मागचा भाग दोन-चारदा दाबून बसवला, आणि मग खड्ड्यात उतरून पाना फिरवला. काम तेवढंच, फक्त वाकायचा कंटाळा. दिवाळीपासून आजवर पोती भरूनही मागचा भाग समोरच्यामागे गुमान येतो. बुशचा अख्खा संच दोन शॉकअपच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो, हे आधी कुणी सांगत नाही, कारण त्यात सुटतं काय?

टायरचं थोडक्यात. नक्षी शाबूत होती, पण कडेचा चार आकडी शिक्का पाहिला तर रबर फार जुनं निघालं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बदलल्यावर ओल्या रस्त्यावरचा ब्रेक सुधारला, डुलण्यात फरक नाही. हवा सकाळी थंड टायरमध्येच बघा, भार असेल तर दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली जास्तीची भरा. ही सुधारणा फुकटातली आहे.

स्प्रिंगमध्ये अडकवायचे रबरी बफर मीही घेतले होते. मागचा भाग उंच दिसतो खरा, पण लाटेवर गाडी आपटते. काढून ठेवलेत. शेजारचे काका त्यांच्या जुन्या गाडीसाठी मागताहेत. त्यांना म्हटलं, आधी बुश दाखवा.