राणीची बाग: आठ महिने रोज सकाळी चालल्यावर

जूनमध्ये डॉक्टरांनी सासूबाईंना गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलं म्हणून भायखळ्याच्या राणीच्या बागेचा महिन्याचा पास काढला, लालबागहून बसने येतो दोघी, आणि खरं सांगते आठ महिन्यांत पेंग्विन मी एकदाच बघितलेत. शाळेच्या सहलीला आलेले तेव्हापण पिंजरे बघून घरी. ही बाग १८६२ ची, आधी झाडं होती आणि प्राणी मागाहून आले, हे इथे चालायला लागल्यावर कळलं!

सगळ्यात जीव जडलाय तो गोरखचिंचेवर, म्हणजे बाओबाबच्या झाडावर. पावसाच्या सुरवातीला सकाळी खाली पांढरी मोठ्ठी फुलं पडलेली असायची, तळहाताएवढी, कडा तपकिरी पडायला लागलेल्या. ट्री वॉकला, म्हणजे झाडांची ओळख करून देणाऱ्या फेरीला, गेले तेव्हा समजलं की ती संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं येतात त्यांच्यावर, आणि मग गळून पडतात. झाड मूळ आफ्रिकेचं. जानेवारीत सगळी पानं झडली तर सासूबाई कळवळल्या, "मेलं का गं हे?" तेव्हापासून आधी तिकडे चक्कर, मग बाकीचं चालणं. खोडावर कोणी कोणी नावं कोरून ठेवलीत, हात फिरवला की खाचा बोटांना लागतात, पोटात तुटतं.

उर्वशी या महिन्यात फुललीय. म्यानमारचं झाड, लालगुलाबी फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो तो जवळ जाऊन बघाच.

२००७ च्या सुमारास बाग पार बदलून टाकायचा मोठा प्लॅन आलेला, तेव्हा साध्या नागरिकांनी, त्यात बायका पुढे, वर्षानुवर्षं भांडून ही झाडं राखली, म्हणून आज आपल्याला सावली आहे. आपण निदान पास काढावा, ट्री वॉकला यावं, पोरांना झाडांची नावं सांगावीत, कोणी फुलं ओरबाडत असेल तर तिथल्या तिथे थांबवावं. मी थांबवते.

तिकीट मोठ्यांना ५० रुपये, बुधवारी बंद, रविवारी दुपारी चुकूनपण जाऊ नका. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, वेळ काढून तेही बघा.

सासूबाई आता न थांबता दोन फेऱ्या मारतात. पास पुढे वाढवलाय, गोरखचिंचेला पालवी फुटलेली त्यांना बघायचीय.