वैद्यकीय नीतिशास्त्र: व्याख्यान की केसचर्चा?

व्याख्यानाचं बळ खरं आहे. तासाभरात मोठ्या वर्गाला स्वायत्तता (रुग्णाचा स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क), हित, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं, माणसांवरच्या संशोधनाचे नियम घालून देणारी १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४चं हेलसिंकी घोषणापत्र एवढं सांगून होतं. पण व्याख्या पाठ झाली म्हणजे संकल्पना कळली असं नाही. (भौतिकशास्त्रातही न्यूटनचे नियम घडाघडा म्हणणारा विद्यार्थी गती टिकवायला सतत बल लागतं असंच धरून चालतो.)

केसचर्चेला आठ-दहा जणांचा गट, अर्ध्या पानाची केस आणि पाऊण तास लागतो. समजा, शुद्धीवर असलेला रुग्ण रक्त घ्यायला नकार देतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘काहीही करा, पण वाचवा.’ पहिली पाच मिनिटं प्रत्येकानं आपला निर्णय आणि एक कारण लिहायचं. ही पायरी गाळली की पहिल्या बोलणाऱ्यामागे सगळा गट जातो. मग निर्णयक्षमता तपासायची: रुग्णाला माहिती समजली का, ती स्वतःला लागू होते हे उमगलं का, पर्याय तोलता येतात का, निवड सांगता येते का? त्यानंतर एकच तपशील बदलायचा: रुग्ण सहा वर्षांचा, नकार आईवडिलांचा. ‘स्वायत्तता म्हणजे कुटुंब म्हणेल ते’ हा गैरसमज इथेच उघडा पडतो. व्याख्यानात तो लपून राहतो.

चर्चा फसते ती बहुधा शिक्षकामुळे. तो लवकर उत्तर देतो, नाहीतर सगळ्यांचंच बरोबर म्हणून सोडून देतो. वेळ कमी असेल तर व्याख्यान वीस मिनिटांवर आणावं. चर्चेला कात्री लावू नये.