कंट्रोलरच्या पोटातली खार : 'टेअरअवे अनफोल्डेड' काही महिने खेळल्यावर

मुलांबरोबर बसून खेळायला पीएस ४ वर (म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर) काय घ्यावं असं विचारलं, की उत्तरं ठरलेली मिळतात. लेगोवाले गेम घ्या, गाड्यांची शर्यत घ्या, फार तर सॅकबॉय घ्या. 'टेअरअवे अनफोल्डेड'चं नाव मला कुणीच सुचवलं नव्हतं. जुन्या डिस्क विकणाऱ्या एका दुकानात कव्हरवरचा लिफाफ्याच्या डोक्याचा प्राणी बघून धाकट्याने हट्ट धरला म्हणून ती घेतली. गेल्या पावसाळ्यापासून डिस्क आमच्याकडे आहे. गोष्ट एकदा संपवून झाली, दुसऱ्यांदा अर्ध्यावर आहे, आणि मधूनमधून नुसतं फिरायला म्हणूनही तो लागतो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता खटकणाऱ्या गोष्टीही नीट सांगता येतील.

आधी थोडी कुळकथा. गेम इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या मीडिया मॉलिक्यूल या स्टुडिओचा. २००८ मध्ये 'लिटल बिग प्लॅनेट' काढणारे तेच हे लोक. 'टेअरअवे' पहिल्यांदा आला २०१३ च्या नोव्हेंबरात, सोनीच्या व्हिटा या हातातल्या कन्सोलवर. रेक्स क्राउल या चित्रकार-डिझायनरच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. २०१४ मध्ये त्याला तीन बाफ्टा (सिनेमा, टीव्ही आणि गेमांसाठीचे ब्रिटिश) पुरस्कार मिळाले, त्यातला एक कुटुंबासाठीच्या गेमचा. पण व्हिटाच मुळात फार घरांत पोचला नाही, त्यामुळे पुरस्कार मिळाले तरी गेम माहीत कुणालाच नाही अशी गत झाली. मग २०१५ च्या सप्टेंबरात त्याची वाढवलेली, बरीचशी नव्याने रचलेली आवृत्ती पीएस ४ साठी आली. तीच ही 'अनफोल्डेड'. आणि तो महिना कुठला, तर 'मेटल गिअर सॉलिड ५' आणि 'सुपर मारिओ मेकर' या बड्या गेमांचा. कागदी बाहुल्यांच्या खेळाकडे त्या गर्दीत कोण बघणार!

गेममध्ये सगळं जग कागदाचं आहे. डोंगर, धबधबे, समुद्राच्या लाटा, डुकरं, सगळं कापून, दुमडून, चिकटवून केल्यासारखं. तुम्ही आयोटा किंवा ॲटोई यांपैकी एक निवडायचा. दोघांचंही डोकं म्हणजे पाकीट, आणि त्या पाकिटात एक निरोप आहे. तो पोचवायचा कुणाला? तर तुम्हाला. म्हणजे सोफ्यावर बसून कंट्रोलर धरलेल्या माणसाला. आभाळात सूर्याच्या जागी एक भोक आहे, त्यातून तुम्ही त्या जगात डोकावता, आणि तिथल्या मंडळींना तुम्ही बाहेर आहात हे पक्कं ठाऊक असतं. गोष्ट एवढीच. पण त्यामुळे हातातल्या कंट्रोलरचा दर्जाच बदलतो.

एरवी हलवाहलवीचे गेम म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. वी आणि कायनेक्ट या अंग हलवून खेळायच्या यंत्रांच्या काळात भावाच्या घरी टेनिस खेळताना पंख्यापासून टीपॉयपर्यंत काय काय सांभाळावं लागायचं ते मी पाहिलं आहे. आमचा हॉल तर त्याहून लहान. 'अनफोल्डेड'मध्ये हात फेकावे लागत नाहीत. मनगटाच्या हालचाली पुरतात, आणि त्याही थोड्याच वेळा. पीएस ४ च्या कंट्रोलरच्या पुढच्या बाजूला जी दिव्याची पट्टी असते (बाकीच्या गेमांत ती बॅटरी खाण्यापलीकडे फारसं काही करत नाही असं माझं प्रामाणिक मत), तिचा उजेड इथे टीव्हीच्या आत पडतो. कंट्रोलर टीव्हीकडे रोखून जरा डावीकडे वळवला, की कागदी अंधारात झोत डावीकडे सरकतो. जिथे उजेड पडेल तिथे झाडं उलगडतात. शत्रू म्हणजे 'स्क्रॅप' नावाचे एका डोळ्याचे चौकोनी डबे. ते झोताकडे बघत बसतात, भान हरपून त्याच्यामागे चालायला लागतात, आणि मग त्यांना सरळ कड्यावरून खाली न्यायचं. धाकटा पाच वर्षांचा आहे. त्याला उड्या नीट जमत नाहीत, पण झोत फिरवणं त्याला पहिल्याच दिवशी जमलं. कसं ते सांगावं लागलं नाही. टॉर्च कसा धरतात ते त्याला माहीत होतंच.

दुसरी गंमत फेकाफेकीची. आयोटा एखादी वस्तू उचलून थेट तुमच्याकडे, पडद्याबाहेर फेकतो. पडद्यावरून ती नाहीशी होते आणि कंट्रोलरच्या बारक्या स्पीकरमधून तिचा आवाज यायला लागतो. खार फेकली तर आत खार चिवचिवते. मग टचपॅडवर, म्हणजे कंट्रोलरच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर, बोट वर सरकवलं की ती परत टीव्हीत. हा तुकडा आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा खेळला गेला. धाकट्याने कंट्रोलर कानाला लावून आतल्या खारीशी गप्पा मारल्या आहेत. आजीला बोलावून ऐकवलं. आजी म्हणाली, "अरे, सोड बिचारीला!" त्यावर त्याने खरंच सोडली, आणि ती नेमकी एका स्क्रॅपच्या डोक्यात बसली.

टचपॅडवर झपकन बोट फिरवलं की वारा सुटतो. गुंडाळलेली कागदाची पट्टी उलगडते आणि पूल तयार होतो. काही ठिकाणी ढोलाच्या पानासारख्या जागा आहेत. टचपॅड ठोकला की पान थरथरतं आणि वर उभा असलेला आयोटा उंच उडतो. उजेड, वारा, फेक, ठोका. एवढ्या चारच गोष्टी, पण त्या एकामागून एक शिकवत नेल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी 'आता बाहेरच्याने मदत करायची' असं त्या जगातूनच सांगितलं जातं. सुरुवातीला आयोटाला उडीसुद्धा मारता येत नाही! प्लॅटफॉर्म गेम (फळ्याफळ्यांवरून उड्या मारत पुढे जायचा) आणि उडी नाही, हे वाचून गेमवाली मंडळी नाक मुरडतील. लहान मुलासाठी मात्र हे फार शहाणपणाचं आहे. आधी नुसतं चालायचं, बघायचं, वारा घालायचा. उडी मग मिळते, आणि मिळते तेव्हा ती बक्षीस वाटते.

यातून आमच्या घरात कामाची वाटणी आपोआप झाली. कंट्रोलर एकच, पण तो हातोहात फिरतो. उड्या, चिकट डिंकाच्या वाटांवरून भिंतीवर चालणं, ही कामं थोरलीची. झोत, वारा, खार ही धाकट्याची. मी नकाशासारखी, 'अगं तिकडे राहिलं बघ' म्हणणारी. खरं सांगायचं तर दोघांनी एकदम खेळायचे म्हणून विकले जाणारे गेम आमच्याकडे दहा मिनिटांत भांडणावर येतात. कारण दोघांनी एकच काम करायचं असतं आणि एकाला ते जास्त चांगलं येत असतं. हा एकट्याने खेळायचा गेम, पण यात कच्च्या खेळाडूलाही खरं काम आहे. माझ्या दृष्टीने 'अनफोल्डेड'चा सगळ्यात मोठा गुण हाच.

आता रडगाणं.

चित्र काढणं. सुरुवातीलाच खारींचा राजा तुमच्याकडे मुकुट मागतो. रंगीत कागद निवडायचा, टचपॅडवर बोटाने रेघ ओढायची, त्या रेघेवर कागद कापला जातो. कल्पना फर्मास, पण टचपॅड काडेपेटीएवढा, आणि बोट इथे, रेघ तिथे टीव्हीवर. व्हिटावर हेच चित्र थेट पडद्यावर काढता यायचं, इथे ती मजा गेली. थोरली चित्रकलेत हुशार, त्यामुळे तिलाच जास्त राग आला. राजाने शेवटी बटाट्यासारखं काहीतरी डोक्यावर घातलं आणि ते पुढे जागोजागी दिसत राहिलं. धाकट्याला काहीच फरक पडला नाही. त्याचे सगळे मुकुट तसेही बटाटेच असतात.

झोताचंही थोडं आहे. कंट्रोलर टीव्हीकडे सरळ धरून सुरुवात केली तर तो गुणी, पण मूल पलंगावर लोळत, कंट्रोलर पोटावर ठेवून खेळायला लागलं की झोत आभाळात भटकतो. "सरळ बस" हे वाक्य मी या गेममुळे जितक्यांदा म्हटलं तितकं अभ्यासामुळेही नसेल. शिवाय बघण्याचा कोन बऱ्याच ठिकाणी गेमच ठरवतो. पुढची फळी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि आयोटा खाली. शिक्षा काही नाही, तो जवळच पुन्हा उभा राहतो, त्यामुळे रडारड होत नाही. पण मोठ्या माणसाला याचा कंटाळा येऊ शकतो.

मारामाऱ्या सगळ्यात कमी रंगतदार. स्क्रॅप येतात, गोल जागेत कोंडतात, सगळे संपवल्याशिवाय वाट उघडत नाही. पहिल्या काही वेळा मजा, मग तेच ते. सॉगपोर्ट हे बंदराचं गाव, तिथला समुद्र, तिथे मिळणारं हवा ओढणारं नि सोडणारं वाद्य, हा मधला भाग उत्तम आहे. त्यानंतरचं वाळवंट मात्र लांबतं. तिथे गोष्ट जराशी गूढ होते, माणसं कमी भेटतात, आणि आमच्याकडे त्या भागात डिस्क बरेच दिवस कपाटातच राहिली. शेवट मात्र चुकवू नका. त्याबद्दल काही सांगत नाही.

कॅमेऱ्याबद्दल लोक घाबरतात, म्हणून सांगते : पीएस ४ चा वेगळा कॅमेरा नसला तरी गेम पूर्ण होतो. आम्ही अर्धा गेम तसाच खेळलो. मग ओळखीतून एक वापरलेला कॅमेरा मिळाला आणि सूर्याच्या भोकात आमचे चेहरे दिसायला लागले. गेमच्या जगात कुठेही मान वर केली की आभाळात आपण, मागे वाळत घातलेले कपडे, आणि मधूनच आडवी जाणारी आजी. अंगावरची नक्षी हरवलेलं एक सांबरासारखं जनावर गेममध्ये आहे, त्याला नवी कातडी द्यायची असते. कॅमेरा असेल तर घरातली कुठलीही वस्तू समोर धरून तिचा फोटो काढायचा. आमचं जनावर आजीच्या इरकल साडीचं झालं, काठासकट. मुद्दाम विकत घ्यावा इतका कॅमेरा गरजेचा नाही. पण कुणाकडे पडून असेल तर जरूर मागून आणा.

कागदाच्या बाबतीत स्टुडिओने जी मेहनत घेतली आहे ती मोठ्यांना जास्त कळेल. पानं फडफडतात, पाण्याच्या लाटा म्हणजे एकामागून एक उलगडत जाणारे कागद, चालताना पावलांचा आवाजही कागदाचा. हे सगळं पीएस ४ वर कुठे अडखळलेलं मला जाणवलं नाही. जागोजागी पांढऱ्या, रंग उडालेल्या वस्तू ठेवल्या आहेत. गेममधल्या कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला की रंग परत येतो आणि ती वस्तू खऱ्या कागदाची कशी करायची त्याचा नमुना तुमच्या संग्रहात जमा होतो, छापून, कापून, चिकटवायला. आमच्याकडे प्रिंटर नाही. थोरलीने पडद्याकडे बघत बघत कार्डपेपरवर पेन्सिलीने आखून डुक्कर केलं, पहिलं वाकडं, दुसरं बरं. कडेला चिकटवायची पट्टी सोडायची असते हे तिला शाळेच्या हस्तकलेच्या तासाला पटलं नव्हतं, इथे पटलं. दिवाळीत आकाशकंदिलाच्या करंज्या तिने एकटीने दुमडल्या, मला फक्त खळ करायला लावली.

भाषा इंग्रजी आहे, तीही ब्रिटिश वळणाची. गोष्ट सांगणारे दोन आवाज आहेत, एक बाप्याचा नि एक बाईचा, आणि ते बोलतात छान, पण पाच वर्षांच्या मराठी मुलाला त्यातलं अर्धं कळत नाही. त्यामुळे शेजारी कुणीतरी बसून सांगायला हवं. मी सांगत गेले, मनाचं घालत गेले, आणि आमच्या घरी आयोटाचा निरोप म्हणजे काहीतरी भलतीच गोष्ट झाली आहे. हिंसा म्हणाल तर कागदी डबे फुटतात, एवढीच. भीती वाटावी अशी एखादीच जागा, शिंगवाल्या मोठ्या प्राण्यांची. तिथे धाकटा उशीमागे गेला होता, पण कंट्रोलर सोडला नाही.

आमच्या संथ चालीने गोष्ट संपायला बारा-चौदा तास लागले असतील. सराईत माणूस बराच लवकर संपवेल आणि म्हणेल, सोपा आहे. सोपाच आहे. ज्यांना 'क्रॅश बँडिकूट' या अवघड उड्यांच्या गेमसारखी दमछाक हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. घरात बारा-तेरा वर्षांची मुलं असतील तर तीही बहुधा तोंड वाकडं करतील. चार ते दहा वर्षांची मुलं आणि शेजारी बसायला तयार असलेलं एक मोठं माणूस, हे याचं खरं गिऱ्हाईक.

विकत घेण्याआधी एक काम करा. २०१७ च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन प्लसच्या (सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सभासदत्वाच्या) सभासदांना हा गेम महिन्याच्या गेमांत मिळाला होता. तेव्हापासूनचं खातं असेल तर लायब्ररीत शोधा, कदाचित पडलेला असेल. तो चालवायला सभासदत्व मात्र चालू लागतं. पीएस ५ वरही गेम चालतो, पण पीएस ५ साठी निघालेला नवा कॅमेरा पीएस ४ च्या गेमांना चालत नाही. जुनाच कॅमेरा आणि तो जोडायचा अडॅप्टर लागतो. आणि जुनी डिस्क घेताना कव्हरवर 'अनफोल्डेड' लिहिलंय ना ते बघून घ्या. नुसतं 'टेअरअवे' असेल तर ते व्हिटाचं कार्ड आहे, पीएस ४ मध्ये ते जायचं नाही.