बोहरी आळीतून घेतलेली १२ एमएमची जाड पटाशी आणि सोबतचं सामान : हाताने साल-कुसू जोड करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

घरी स्टूल, चौरंग, खिडकीची फ्रेम असलं काहीतरी स्क्रू न मारता, मशीन न घेता करायचंय अशा लोकांसाठी लिहितोय. ऑनलाइन बघायला गेलं की सहा-सहा, आठ-आठ पटाशांचे चकचकीत सेट दिसतात आणि वाटतं हे घेतल्याशिवाय सुरुवातच होणार नाही. तसं काही नाहीये. मी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतल्या एका छोट्या हार्डवेअरच्या दुकानातून एक १२ एमएमची जाड पटाशी, एक खतावणी (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार), एक पाठीची करवत (वरच्या कडेला जाड पट्टी असलेली) आणि लाकडी मोगरी एवढंच घेतलं, काटकोन बघायचा गुण्या घरात होताच, आणि मॉर्टिस-टेनन म्हणजे आपला साल-कुसू जोड (एका लाकडात चौकोनी भोक म्हणजे साल, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ म्हणजे कुसू) एवढ्यावर व्यवस्थित होतो.

आधी पटाशी, कारण पैसे वसूल होतात ते हिच्यातच. कडा उतरत्या असलेली पातळ पटाशी सगळीकडे मिळते, ती साफसफाईला छान आहे, पण सागवानात खोल भोक पाडताना भुसा उचकटायला तिरकी केली की ती भोकात फिरते आणि भिंती वेड्यावाकड्या होतात. जाड पटाशीच्या बाजू सरळ असतात, ती भोकाच्या भिंतीला टेकून स्वतःच सरळ राहते, म्हणून भोकाची रुंदी म्हणजे पटाशीची रुंदी, बास. १२ च का तर कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरतात, आणि आपल्याकडे फ्रेमला ३५-४० एमएमचं लाकूड वापरलं की हिशोब बरोबर १२ च्या आसपास येतो.

दुकानदार काकांना विचारलं, "काका, पाठ बघून घेऊ का?" तर म्हणाले, "बघा की, सगळ्या काढा." पूर्ण खोका पुढे ठेवला. गुण्याची पट्टी पटाशीच्या सपाट बाजूला लावायची आणि उजेडाकडे धरून बघायचं, मध्ये बारीक फट दिसली तर चालेल, ती निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) घासून जाते, पण मध्ये फुगवटा असेल तर पटाशी डुलते आणि सपाट करता करता जीव जातो, ती घेऊच नका. असं निवडून घेऊ देणारं दुकान मिळणं हीच या खरेदीतली सगळ्यात भारी गोष्ट आहे, ऑनलाइनला हे शक्यच नाही.

धार मात्र घरीच लावावी लागते, नवीन पटाशीची धार कामाची नसते. मोगरीचे घाव खाणारी पटाशी आहे म्हणून टोकाला ३०-३५ अंश ठेवा, २५ ठेवलं तर सागवानात कडेचे तुकडे उडतात. आणि कोणी "ग्राइंडरवर देतो लावून" म्हणालं तर नको म्हणा, टोक निळं पडलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा टणकपणा, उतरला, मग धार टिकत नाही.

खतावणीबद्दल थोडी तक्रार. खिळा गोल टोकाचा आहे, रेषांच्या आडवा ओढला की लाकूड फाडतो. कानशीने त्याला सुरीसारखं चपटं टोक काढलं आणि आता रेघ इतकी स्वच्छ येते की पटाशी त्यात आपोआप बसते. माझ्या मते या अख्ख्या कामात आखणी हीच खरी, खतावणी एका रेघेला लावून घट्ट केली की भोक आणि कुसू दोन्हींवर ती रेघ मारून होईपर्यंत हलवायची नाही, मग पटाशीची रुंदी सोडून दुसरी रेघही तशीच, आणि सगळ्या रेघा लाकडाच्या एकाच तोंडाकडून मारायच्या. खांद्याची रेघ, म्हणजे कुसू जिथे सुरू होतं तिथली आडवी रेघ, पेन्सिलीने नको, सुरीने.

भोक आधी, कुसू नंतर, कारण कुसू तासून बसवता येतं, भोक परत लहान करता येत नाही. मधून सुरू करून दोन-तीन एमएम मागे सरकत जायचं, दोन्ही टोकांना दोनेक एमएम शेवटपर्यंत राखून ठेवायचे म्हणजे उचकटताना कड दबली तरी ती नंतर कापलीच जाते. आरपार भोक असेल तर अर्धं या बाजूने अर्धं त्या बाजूने. आणि उभ्या लाकडाचं टोक २०-२५ एमएम जास्त ठेवा, नाहीतर ठोकताना टोकाकडून चीर जाते, जोड झाल्यावर मग कापून टाका.

करवत ठीक. दात जरा जास्तच फाकवलेले आहेत त्यामुळे काप रुंद जातो. दोन्ही बाजूंनी निसणा दातांवरून एकेकदा हलका फिरवला तेव्हा बरीच सुधारली. रेघेच्या बाहेरच्या, म्हणजे टाकाऊ बाजूनेच कापायचं आणि राहिलेलं पटाशीने काढायचं. कुसू हाताने अर्धं जाऊन मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसलं पाहिजे, जबरदस्तीने ठोकलं तर भोकाची भिंत फुटते. मोगरी उत्तम, काही बोलायलाच नको.

पाचात चार स्टार, एक कापला तो खतावणी आणि करवतीमुळे, दुकानाला आणि पटाशीला पूर्ण मार्क. बारीक काम असेल तर ६ ची पण घ्या, मी गेलो तेव्हा त्यांच्याकडे संपली होती म्हणून आधी फोन करून विचारा, आणि चारचाकी नेऊ नका, तिथे लावायला जागा मिळत नाही.