उकडा भात की नाचणी?

मधुमेहाचं निदान झालं की गोव्यातल्या घरात आधी भातावर बंदी येते. हुमण (माशांची आमटी) समोर असताना भाताशिवाय जेवणं किती जड जातं, ते इथल्या माणसालाच कळतं.

उकडा तांदूळ टरफलासकट उकडून, वाळवून मग भरडतात. त्यात ब जीवनसत्त्वं थोडी टिकतात आणि पांढऱ्या तांदळाच्या मानाने रक्तातली साखरही साधारणपणे सावकाश चढते. पण शेवटी तो भातच. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात जवळपास 78 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणून खरा प्रश्न वाटीचा आहे.

नाचणीत तंतू जास्त, आणि 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम. तरी ती औषध नव्हे. कर्बोदकं तिच्यातही भरपूर. गूळ घातलेलं तिझान, म्हणजे नाचणीची पेज, पौष्टिक म्हणून वाडगाभर प्यायलं, तर साखर झपाट्याने वर जाते; बारीक पीठ, पातळ शिजवलेलं, त्यात गूळ! भाकरी चावून खावी लागते, ती बरी.

माझा कौल: दुपारी एक लहान वाटी उकडा भात, सोबत तांबडी भाजी (लाल माठ), आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), बांगडा. रात्री नाचणीची एक भाकरी. आवडता घास पूर्ण तोडला की पथ्य फार दिवस टिकत नाही, असं मला मनापासून वाटतं.

जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. बहुतेकांसाठी साखर 180 mg/dL च्या आत असावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खालीही जाऊ शकते.